चौथा स्क्रू

कोइम्बतूर
ता. ९ फेब्रुवारी २०२५, रविवार

बाबा,

हलते तर काढून फेका. मागच्या रविवारी फोनवर म्हटलं तेच आज लिहून राहिलो. चार महिने होत आले मले इथं येऊन. दर रविवारी मी फोन लावतो आणि तुमचं एकच. जेवला का, हे नाही. झोपायले जागा बरी आहे का, हे नाही. "अश्विन, तुह्यं थे गाडीतलं आर्मरेस्ट हलते गा." जसं काही मी इथं बसून दोरीनं ओढून ते हलवून राहिलो.

आणि मी काही बोलायले गेलो का फोन कट. पहिले आईजवळ तरी द्यायचे, आता "ते झोपली हाय" म्हणता आणि कापता. म्हणून लिहायले बसलो. कागद मधातच कापता येत नाही. फाडाल तर फाडा, पण पाकिटातलं सामान काढून घेऊन मग फाडा.

जय भीम राहिलाच. बाबा, जय भीम. आईले जय भीम. पिंकीले सांगा, दादानं अभ्यासाचं विचारलं आहे. मी इथं ठीक आहे, तुम्हीही तिकडे ठीक असाल, असं वरच लिहायचं असते. आठवीच्या पुस्तकात पत्र होतं त्यात असंच होतं. नववी मी पुरी केली नाही, त्यामुळे त्याच्या पुढं काय लिहितात ते माहीत नाही. आपल्या मनानं लिहितो.

पाकीट ताटात रिकामं करा. टेबलावर कराल तर वायसरच्या चकत्या घरंगळत दिवाणाखाली जातील आणि मग पिंकी ओरडंल. चार बोल्ट आहेत, चार नट, आठ मोठे वायसर, रबराची एक पट्टी. एका कागदावर पेननं आर्मरेस्टच्या खालच्या पट्टीचं माप काढलं आहे, ते कापून भोकांवर ठेवून पाहा, जुळते का. आणि एक लहान पुडी आहे, तिच्यावर दोरा गुंडाळला आहे. ती आता उघडू नका. तिचं नंतर सांगतो.

आता तुम्ही म्हणाल, चार महिने याले सुचलं नाही, आणि आता इतक्या दूरून गाडी दुरुस्त करायले निघाला. हो, निघालो. मले इथं आल्यावर समजलं, ते का हलते. तेव्हा मले बी माहीत नव्हतं. आता मी दिवसाला सात-आठ गाड्यांचं काम करतो, सीटकव्हर, स्पीकर, पायाखालच्या मॅट, आणि हे आर्मरेस्ट. हाताले चिकटवायच्या सोल्यूशनचा वास येते, तो साबणानं जात नाही. भात बी तसाच लागते. आज रविवार, दुपारून दुकान बंद, तर दुकानातच फोमच्या गादीवर बसून लिहून राहिलो. खोलीवर सहा जण आहेत, तिथं कोणी लिहू देत नाही.

तर ऐका. ते हलते त्याचं पहिलं कारण तुम्ही आहात.

रागावू नका. पन्नी, बाबा, पन्नी. गाडी घेतली त्याले दीड वर्ष झालं आणि शोरूमवाल्यानं सीटवर घालून दिलेली प्लास्टिकची पन्नी अजून तशीच आहे. उन्हाळ्यात आईची पाठ चिकटायची, सोडवली का फर्रकन आवाज यायचा, पण तुम्ही म्हणायचे, "पन्नी काहाडली का नवेपणा गेला." घरात रिमोट पन्नीत. मिक्सर पन्नीत. पिंकीची जुनी सायकल विकली तेव्हा घेणाऱ्यानं पैसे देऊन पहिले काय केलं, तर दांड्यावरची पन्नी टराटरा फाडली, आणि तुम्ही घरात निघून गेले. आम्ही दोघं बहीण-भाऊ हसलो होतो. आता हसू येत नाही.

हँडब्रेकच्या मागचा जो उंच डबा आहे, त्यावर शोरूमची पन्नी नव्हती, तर तुम्ही बर्डीच्या बाजारातून टेबलावर टाकायची जाड पारदर्शक पन्नी आणून, मोजून, कैचीनं कोपरे गोल कापून लावली. मी आर्मरेस्ट बसवायले घेतलं तेव्हा तुम्ही पायरीवर बसून होते. मी म्हटलं, "बाबा, पन्नी काढू द्या, पकड बसत नाही."

तुम्ही म्हटलं, "पन्नीसकट बसव. एवढं जमत नसंन तं मिस्तरी कशाचा तू?"

मग मी पन्नीसकट बसवलं. पन्नीवर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर आर्मरेस्ट, वरून स्क्रू. ते हलणार नाही तर काय होईन? जमिनीवर सतरंजी, सतरंजीवर पाट, पाटावर माणूस, असं आहे ते. माणूस कितीही नीट बसला तरी सतरंजी सरकतेच.

दुसरं कारण स्क्रू. आर्मरेस्टच्या पाकिटात जे स्क्रू मिळाले ते नुसते प्लास्टिकमध्ये घुसणारे होते. डब्याचं प्लास्टिक तर पातळ, पापडासारखं. दोन-चार वेळा जोर पडला का भोक मोठं होते आणि स्क्रू नुसता फिरत राहते. इथं आमच्या दुकानात तसे स्क्रू आले का मालक ते कचऱ्याच्या डब्यात टाकून देते. आरपार बोल्ट, खालून मोठं वायसर, नट, असंच बसवायचं.

मालकाचं नाव सेल्वम. सगळे त्याले अण्णा म्हणतात. नव्वद किलोचा माणूस. मी पहिल्या आठवड्यात एका गाडीले आर्मरेस्ट बसवलं, कोपर ठेवून दाखवलं, म्हटलं, पक्कं आहे. अण्णानं काय केलं, गुडघा ठेवला त्यावर आणि पुरा चढला. खाडकन आवाज आला. मले त्याच्या तुटक्या हिंदीत म्हणते, "हात कौन रखता इस पे? सब पकड के उठता."

बाबा, मले आजवर वाटायचं का आर्मरेस्ट हात ठेवायले असते. म्हणून तर घेतलं होतं तुमच्यासाठी. तुम्ही एकदा सांगितलं होतं, रामदासपेठेतल्या तुमच्या ऑफिसच्या साहेबाच्या गाडीत तुम्ही फायली मांडीवर घेऊन समोर बसले होते आणि मागं साहेब कोपर टेकवून बसला होता. एकतीस वर्षं चपराशी होता तुम्ही, त्या गाडीचं दार हजारदा उघडलं असंन, पण तुम्ही सांगितलं काय, तर साहेबाच्या कोपराचं. "हाताले ठेवाले जागा होती त्याच्या," म्हटलं होतं. जेवता जेवता म्हटलं होतं, तुमच्या लक्षात बी नसंन. माझ्या राहिलं.

इथं थांबलो होतो. मेसमध्ये भात-सांबार खाऊन आलो.

काम आता नीट सांगतो. पिंकीले वाचायले लावा आणि तुम्ही करा. शेजारच्या नत्थूकाकाले बोलवा, त्यांचं ड्रिल लागंल आणि दहा नंबरचा पाना.

आर्मरेस्ट स्क्रू काढून पहिले पूर्ण उचलून घ्या. मग ती जाड पन्नी काढा. डोळे मिटून काढा वाटलं तर, पण काढा. चिकटपट्टीचा चिकटा राहीन तो थिनरच्या फडक्यानं पुसा, फडकं ओलं करा, वरून ओतू नका, नाही तर डबा पांढरा पडते. मग डब्याच्या मागच्या बाजूचा कप ठेवायचा ट्रे वर उचला, तो नुसता दाबून बसवलेला आहे. तिथून खाली हात जाते. तुमचा नाही जाणार, पिंकीचा जाईन.

भोकं आहेत तीच थोडी मोठी करायची आहेत, बोल्ट जाईन इतकी. नत्थूकाकाले सांगा, ड्रिलच्या टोकाले अंगठ्याच्या नखाएवढं माप सोडून टेप गुंडाळा. टेपपर्यंतच आत जायचं. खाली हँडब्रेकची तार आहे, तिले लागलं तर दुसरं काम निघंल. चौथं भोक अर्धवट आहे. ते पुरं करा.

रबराची पट्टी मध्ये ठेवा, पन्नी होती त्या जागी. वरून वायसर घालून बोल्ट, खालून पिंकीनं वायसर आणि नट धरायचा, वरून तुम्ही पाना फिरवायचा. एक बोल्ट एकदम पुरा कसू नका. थोडा हा, मग तिरपा समोरचा, मग तिसरा, मग त्याच्या समोरचा. मग पुन्हा पहिल्यापासून. मच्छरदाणीच्या दोऱ्या आपण बांधतो तसं. एक कोपरा आधीच ओढून बांधला का बाकी तीन ढिले राहतात.

बाजूनं डबा आणि आर्मरेस्टमध्ये बोट जाईन इतकी जागा आहे. तिथं जुन्या स्लीपरचा तळ कापून ठोकून बसवा. माझी निळी स्लीपर मोरीजवळ असंन, ती कापा.

एवढंच काम आहे. दुकानात आम्ही पाऊण तासात करतो. तुम्हाले अर्धा दिवस लागंल, कारण पन्नी काढायले तुम्ही दोन तास घ्याल.

आता पुडीचं.

पुडीत एक स्क्रू आहे. काळा, लहान, डोक्यावर थोडा दाताचा ओरखडा पडलेला. तो लावायचा नाही, आता तो कशाच कामाचा नाही. तो नुसता पाहायले पाठवला.

आर्मरेस्ट लावलं त्या रविवारी मी तीन स्क्रू बसवले. चौथा दातात धरला होता. चौथ्या भोकाले ड्रिल लावलं आणि घड्याळ पाहिलं. सव्वादोन झाले होते. माझी रेल्वेगाडी होती तीन चाळीसची. तिकीट खिशात होतं, बॅग आदल्या दिवशीच मित्राकडे नेऊन ठेवली होती. बुटीबोरीचं काम सोडून आठ दिवस झाले होते. तुम्ही रोज विचारायचे, कंपनी कशी आहे, आणि मी सांगायचो, चांगली आहे. रोज डबा घेऊन निघायचो आणि फुटाळ्यावर बसून खायचो. आईच्या हातचा डबा तलावाकडे पाहत खाल्ला आठ दिवस. हे तुम्ही आज पहिल्यांदा वाचून राहिले.

मी म्हटलं, "झालं बाबा. बसा."

तुम्ही ड्रायव्हरच्या जागी बसले. चप्पल बाहेर काढून बसले. कोपर ठेवलं. मग म्हटलं, "हलते थोडं."

मी म्हटलं, "नवीन आहे, बसून जाईन."

मले माहीत होतं का ते बसणार नाही. तीनच स्क्रू आहेत, हे बी माहीत होतं. तुम्ही बाहेर आले, आणि माझ्या शर्टच्या खिशात दोनशेची नोट घातली. "घे मिस्तरी. मजुरी." हसून नाही म्हटलं तुम्ही. नीट म्हटलं, जसं कोणाले म्हणतात तसं. मले माझ्या उभ्या जिंदगीत तुम्ही काही म्हटलं असंन तर रिकामटेकडा, भटक्या. मौद्याच्या कामावर दोन महिने टिकलो नाही तेव्हा म्हटलं. काटोलच्या मंडीत संत्र्याच्या पेट्या ठोकायचं एका सीझनमध्ये सोडलं तेव्हा म्हटलं, "चार जागी बसला अन् एका जागी बी पक्का नाही बसला." त्या दिवशी मिस्तरी म्हटलं. आणि मी म्हटलं, ड्रिल देऊन येतो नत्थूकाकाचं, आणि गेलो.

ड्रिल दिलं, बरं का. ते खोटं नव्हतं.

बल्लारशा स्टेशनवर चहा घ्यायले खिशात हात घातला तर तुमची नोट आणि हा स्क्रू एकदमच हाताले लागले. दातातून कधी काढून खिशात टाकला ते आठवत नाही. तेव्हापासून तो माझ्याजवळ होता. पैशाच्या पाकिटात ठेवायचो. सुट्टे शोधायले गेलो का पहिले तोच बोटाले लागायचा.

दर रविवारी तुम्ही "हलते" म्हणायचे तेव्हा मले वाटायचं, यांनी खाली वाकून पाहिलं असंन, यांना समजलं असंन का चौथा नाही. वाटायचं, आता विचारतील. तुम्ही विचारत नव्हते. मग मीच ओरडायचो. तुम्ही कापायचे. असे चार महिने गेले.

आता खरं ते लिहितो. वर जेवढं लिहिलं ते हे लिहायचं टाळायले लिहिलं.

बुधवारी पिंकीचा फोन आला. तुम्ही तिले बोलू नका, तिनं मुद्दाम सांगितलं नाही. मीच तिच्यावर ओरडून राहिलो होतो, का बाबांना सांग, आर्मरेस्टचं पुराण बंद करा. ती म्हणाली, "तुले का होते रे बोलाले? तुह्या त्या आर्मरेस्टपायीच तं आई..." आणि थांबली.

मी म्हटलं, "आई काय? आई तर बाथरूममध्ये घसरली ना?"

"हो. बाथरूममधीच."

"पिंके, माझी शपथ."

मग रडायले लागली आणि सगळं सांगितलं. तीन जानेवारीले तुम्ही आईले डोळे दाखवायले रामदासपेठेत नेलं. दवाखान्याच्या गेटापाशी गाडी लावली. तुम्ही उतरून तिच्या बाजूचं दार उघडायले फिरून येऊन राहिले होते. तुम्ही तिले कधी स्वतः दार उघडू देत नाही, मले माहीत आहे. पण आई काही साहेब नाही, का कोणी येईन तोवर बसून राहील. तिनं दार ढकललं, पाय बाहेर टाकले, उठायले उजवा हात आर्मरेस्टवर टेकला, आणि ते फिरलं. खाली सीटवर पन्नी, तिचं नवं नायलॉनचं लुगडं, ती सरकली ती थेट दाराच्या आणि फरशीच्या मधात. मांडीचं हाड. तुम्ही गाडीच्या नाकापर्यंतच पोहोचले होते.

मांडीत रॉड टाकला तेव्हा मले फोनवर सांगितलं का ओल्या फरशीवर घसरली. मी म्हटलं, बाबा, बाथरूममध्ये खरखरीत फरशी बसवून घ्या. तुम्ही म्हटलं, "हो, बसवतो." आणि मग म्हटलं, "थे तुह्यं हलते अजून."

मले तेव्हा इतका राग आला होता. म्हटलं, आई खाटेवर पडली आणि याले आर्मरेस्टचं पडलं आहे.

पिंकीले विचारलं, मले काहून नाही सांगितलं. ती म्हणाली, "बाबा म्हणे, त्याले नोको सांगू. सांगतलं तं थे काम बी सोडून येईन, अन् मंग जलमभर त्याच्या मनात राहीन."

बाबा, तुम्ही बरोबर ओळखलं. फोन ठेवला आणि मी बॅग भरली. अंगावरचा घामेला शर्ट बी बदलला नाही. पण खरं सांगतो, बॅग भरता भरता मले हलकं वाटून राहिलं होतं. आईसाठी रडू येत होतं आणि आतून हलकं बी वाटत होतं. दर वेळेस काम सोडतो तेव्हा तसंच वाटते, मौद्याले बी वाटलं होतं, बुटीबोरीले बी. ते ओळखलं आणि मी खाली बसलो. म्हटलं, हा आईसाठी चालला नाही. हा पुन्हा निघाला.

सकाळी अण्णाले सांगितलं. त्यानं एक गाडी उभी होती तिच्याकडे बोट केलं, "ये पूरा कर, फिर जा." ती पुरी केली. तोवर दुसरी आली होती. मग गेलो नाही.

म्हणून मी येऊन नाही राहिलो, बाबा. मे महिन्यात दुकान आठ दिवस बंद राहते, तेव्हा येतो. आईले हे कसं सांगायचं ते तुम्ही पाहा. तिले वाटंल, पोराले माझं काही नाही. तिले सांगा, पोराले आहे.

वीस तारखेले तिले तपासायले न्यायचं आहे, पिंकीनं सांगितलं. आणि आई म्हणते, त्या गाडीत बसत नाही, ऑटोनं जाईन. रॉड टाकलेल्या पायानं ऑटोत, आपल्या गल्लीच्या खड्ड्यांतून. तुम्ही बी तीन जानेवारीपासून गाडीवर कव्हर टाकून ठेवलं आहे म्हणे, हात नाही लावला. पण आर्मरेस्ट काढून फेकलं नाही तुम्ही. मी पिंकीले दोनदा विचारलं. ते तसंच आहे म्हणाली. काहून नाही फेकलं बाबा? मी असतो तर फेकलं असतं. सुरुवातीले लिहिलं ते रागात लिहिलं, खोडलं नाही. फेकू नका.

स्पीडपोस्ट चौदा-पंधरापर्यंत पोहोचते म्हणतात. म्हणजे तुमच्याजवळ पाच दिवस आहेत.

काम झालं का आईले लगेच बसवू नका. पहिले तुम्ही बसा, पण ड्रायव्हरच्या जागी नाही, तिच्या जागी. स्वतःच्या गाडीत तुम्ही त्या सीटवर कधी बसलेच नसाल. पाय बाहेर टाका, उजवा हात आर्मरेस्टवर ठेवा, सगळा जोर त्यावर देऊन उठा. एकदा नाही, दहादा. पिंकीले मोजायले लावा. एकदा जरी हललं तर पुन्हा खोला, पुन्हा कसा. मग नत्थूकाकाले गुडघा ठेवून चढायले सांगा, ते काही अण्णाएवढे नाहीत, पण चालतील.

आणि सीटवरची पन्नी. ती तुम्ही काढू नका. आईले वॉकर धरून अंगणात आणा, खुर्ची द्या, आणि तिच्या हातानं काढू द्या. तिले ती कधीपासून काढायची होती. सीटवर घरातली सुती चादर चौपदरी घाला, तिले उंच बी होईन आणि सरकणार बी नाही. मग ती बसते का नाही पाहा. नाही बसली तर जबरदस्ती करू नका. उघड्या दारापाशी थोडा वेळ खुर्ची टाकून तुम्ही दोघं बसा. ती आपल्या मनानं हात लावून पाहील. आईले मी ओळखतो, बाजारात वांगं घेते तर ते बी दाबल्याशिवाय घेत नाही.

बाबा, पन्नी तुमची होती आणि स्क्रू माझा होता. तुम्ही एवढे दिवस दोन्ही आपल्याच अंगावर घेऊन बसले आहात असं मले वाटते. घरात कोणाले बोलले बी नसाल. त्यातला माझा मले द्या. मी इथं आहे, पण तेवढं उचलू शकतो.

तो काळा स्क्रू पाहून झाला का फेकून द्या. फेकणार नाही तुम्ही, माहीत आहे. पन्नीत घालून कपाटात ठेवाल. ठेवा.

रविवारी, सोळा तारखेले, फोन करतो. बाकी काही नाही बोलले तरी चालते. हलते का नाही, तेवढंच सांगा. हलत नसंन तर "नाही" म्हणा आणि खुशाल फोन कापा. मी समजून जाईन.

आईच्या पायाले हात लावून,
तुमचा अश्विन

ता. क. आमच्या दुकानात एक रीत आहे. गाडीच्या दाराच्या आतल्या बाजूले फिटरच्या नावाची पर्ची चिकटवतात. काम ढिलं म्हणून गाडी परत आली का सामान फिटरच्या खिशातून जाते, आणि गिऱ्हाइकाची मजुरी त्याले परत करायची. चार महिन्यांत माझ्या नावाची एक गाडी परत आली नव्हती. ही आली. सामान पाकिटात आहे. पैसे पिंकीच्या फोनवर टाकले आहेत. चार हजार घरचे, नेहमीचे. त्यावर दोनशे तुम्ही खिशात घातलेली मजुरी, परत.

एकूण चार हजार दोनशे रुपये.